न हलवलेली अंडी

"अहो, बघा की, परत तिच्याच मागं निघाला! उठा जरा, हाकला त्या मेल्याला. मोजेवालीच्या पाठीवर एक पीस म्हणून ठेवलं नाही त्यानं."

"मी कशाला हाकलू? जीव जडलाय त्याचा."

"जीव जडलाय म्हणे! चार जणी तिकडं टबात वाट बघत बसल्यात, आणि हा कोंबडीच्या शेपटीत तोंड घालून फिरतोय दिवसभर."

"चार एकदम बघितल्या की गडी बावचळतो. मी तर एकीलाच बावचळलो होतो."

"तुम्ही तुमचा चहा प्या," अक्का म्हणाली. हातातला शर्ट तिनं मांडीवरून खाली टाकला आणि स्वतःच उठली.

खुर्चीत बसून चहा पिणारे ते तिचे यजमान. तीस वर्षं बस चालवली, आता गुडघा गेलाय, म्हणून मागच्या दारात खुर्ची टाकून दिवसभर अंगणावर देखरेख करतात. अक्का त्यांना रागात असली की ड्रायव्हरसाहेब म्हणते आणि रागात नसली की काहीच म्हणत नाही. अक्का स्वतः काज-बटणाचं काम करते. शिंप्यांच्या दोन दुकानांतून शर्टांचे गठ्ठे येतात. पुढच्या खोलीत खिडकीखाली बसून ती हातानं काजं विणते, बटणं लावते. त्रेसष्ट वर्षांची आहे, पण अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. गल्लीत कुणाला सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

पुढं काजं, मागं पाखरं. अंगण केवढं, तर चौदा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद. भिंतीला लागून जुन्या कपाटाची दारं ठोकून केलेलं खुराडं. मधोमध जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक बाथटब, त्याचा एक कान तुटलेला. खुराड्यात नऊ कोंबड्या नि एक कोंबडा, सगळे जुन्या जातीचे, पायांवर नखांपर्यंत पिसं, म्हणून मोजेवाले. टबात चार बदक्या. आणि टबाशी काही देणंघेणं नसलेला एक नर.

बदक्या अशा की काळ्याभोर, उन्हात हिरवी झाक मारणाऱ्या, अंगानं जड, आवाजाला बेताच्या, आणि छातीवर तळव्याएवढा पांढरा डाग. अक्काचे बाबा त्यांना रुमाली म्हणायचे. बाबा वीटभट्टीवर मुकादम होते. माती काढून काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचायचं, तिथं भट्टीच्या म्हाताऱ्या मालकानं ही बदकं पाळली होती. मालक गेला, भट्टी बंद पडली, बदकं बाबांकडं आली. बाबांनी ती एक्केचाळीस वर्षांपूर्वी अक्काच्या हवाली केली. पाखरांबरोबर तीन गोष्टी दिल्या. एक बारीक पंच, पिल्लू अंड्यातून निघाल्या दिवशीच डाव्या पायाच्या पडद्याला भोक पाडायला. दुसरी गोष्ट म्हणजे नेम: नर दारातून बाहेर जाऊ द्यायचा नाही, मादी हवी त्याला द्या. आणि तिसरी, विकायचं प्रत्येक अंडं कानाशी धरून तीनदा खडखडून हलवायचं, मगच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं. हलवलेलं अंडं खायला चांगलं लागतं, उबवायला मात्र कामाचं राहत नाही.

म्हणजे रुमाली बदक जगात असेल तर ह्याच घरात असेल, असा बाबांचा हिशेब. अक्कानं तो पाळला. शाळेतल्या बाई आल्या, दवाखान्यातले कंपाउंडर आले, कुणी कुणी गोड बोलून बघितलं. अक्कानं सगळ्यांना हसून अंडी दिली, सगळी हलवून.

आता हा एकुलता एक नर असा का झाला, ते सांगायला पाहिजे. रुमाली बदकी अंडी भरपूर घालते, पण बसायचा तिला कंटाळा. चार दिवस बसली की पाचव्या दिवशी उठून पाण्यात. म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. अंगात ऊब चढून बसून राहायचं वेड लागलं की कोंबडी खुडूक झाली म्हणतात, आणि त्या वेडात मोजेवालीचा हात कुणी धरत नाही. तिची स्वतःची पिलं एकवीस दिवसांत निघतात, बदकाची अठ्ठावीस घेतात. वरचे सात दिवस मोजेवाली अक्काकडं असं बघत राहायची, की तुझं काहीतरी चुकलंय बाई. पण उठायची नाही.

गेल्या वर्षी पंधरा अंडी ठेवली होती. घरचा जुना नर नऊ वर्षांचा, दम संपलेला. त्यामुळं तीनच फुटली आणि त्यातलं एकच जगलं. मोजेवालीला जोडीला काहीतरी हवं म्हणून अक्कानं तिच्या पोटाखाली सहा कोंबडीची पिलं सरकवली. झालं, तिथंच घोटाळा झाला. एकटं बदकाचं पिल्लू कोंबड्यांत वाढलं. कोंबड्यांसारखं माती उकरायला शिकलं, संध्याकाळी उडून दांडीवर बसायचा खटाटोप करून धपाधप पडायला लागलं. सहाव्या आठवड्यात आवाज घोगरा फुटला तेव्हा कळलं की नर आहे, म्हणून अक्का खूश झाली. त्याच थंडीत जुना नर मेला. दुसरा त्याच्याच वयाचा होता, त्याला भिंतीवरून आलेल्या कुत्र्यानं नेला. हा उरला. आणि ह्याला बदकी दिसली की हा तोंड फिरवून चालायला लागे. ड्रायव्हरसाहेबांनी त्याचं नाव जावई ठेवलं. बसून खातो, नको तिथं तोंड घालतो आणि कामाचं विचारलं की रुसतो, म्हणून.

अक्कानं हार मानली नाही. जाळी आडवी लावून पंधरा दिवस त्याला चौघींबरोबर कोंडला. जावई जाळीला छाती लावून कोंबड्यांकडं बघत उभा राहिला. दाणा सोडला. बदक्यांनी दोन-तीनदा त्याच्याभोवती मानेनं डोलून बघितलं, मग आपापल्या कामाला लागल्या. अंडी घालणं त्यांनी थांबवलं नव्हतं. अक्कानं ती सहा-सहा करून तीन मोजेवाल्यांखाली ठेवली आणि आठव्या दिवशी न्हाणीघरात जाऊन दार लावलं. अंडं तपासायची तिची स्वतःची रीत आहे. काळ्या जाड कापडाला एक मोठं काज, त्याच्या मागं टॉर्च, काजावर अंडं टेकवायचं. आत जीव धरला असेल तर तांबड्या शिरा दिसतात.

अठराच्या अठरा अंडी कोरी. नुसता पिवळा उजेड.

बाहेर येऊन ती टबाच्या काठावर बसली. चौघींतली सगळ्यात तरणी तीन वर्षांची होती, थोरली सहाची. पुढल्या हंगामाला अंडी निम्म्यावर येतील, त्याच्या पुढं बोलायलाच नको. म्हणजे ह्या हंगामात नर मिळाला तर मिळाला. नाहीतर भट्टीवरच्या म्हाताऱ्यापासून चालत आलेला वंश ह्या चौघींबरोबर टबातच संपणार.

"धाकटीला फोन कर," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"तिचं नाव काढू नका."

"नाव कुठं काढलं? धाकटी म्हणालो."

धाकटी म्हणजे अक्काची सख्खी बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागतं तिथं, तिची लाँड्री. अकरा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. झालं होतं असं की अक्का एकदा पाखरांच्या बाजारात दाणा आणायला गेली आणि एका पिंजऱ्यात तिला रुमाली नर दिसला. काळाभोर, छातीवर पांढरं. आधी तिला वाटलं डोळे फिरले. मग तिनं त्याचा पाय ओढून बघितला. डाव्या पडद्याला भोक नव्हतं. उजव्याला होतं. पंच मारायची रीत जगात दोघींनाच माहीत, आणि डाव्याउजव्याचा हा आगाऊपणा करणारी त्यातली एकच. अक्का दाण्याचं पोतं तिथंच टाकून तडक लाँड्रीत गेली आणि पाच गिऱ्हाइकांसमोर बहिणीला अंडीचोर म्हणाली. धाकटीनं इस्त्रीवरून हात न काढता तिला दार दाखवलं.

शनिवारी सकाळी अक्कानं झाकणाची टोपली घेतली, आत गवत घातलं.

"कुठं?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"बटणं आणायला."

"एवढ्या टोपलीभर?"

तिनं झाकणाला दोरी गुंडाळली. ते म्हणाले, "दुसरी बस उजव्या बाजूनं पकड, डावीकडची फिरून जाते."

लाँड्रीत वाफ भरली होती. वर तारेवर चिठ्ठ्या लावलेले कोट ओळीनं लटकलेले, खाली लाकडी फळीचा काउंटर, त्याच्या मागं धाकटी. केस पांढरे झालेले, दंड मात्र पैलवानासारखे. तिनं अक्काकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं आणि समोरच्या माणसाची पॅन्ट उलगडून डाग शोधायला लागली. तो गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्या बाईंची चादरींची भलीमोठी गाठ होती, ती एकेक करून मोजली. अक्का टोपली पोटाशी धरून उभी.

"बोला," शेवटी धाकटी म्हणाली. "धुवायला की इस्त्रीला?"

"शहाणपणा करू नकोस."

"नर हवाय?"

"कोण म्हणालं?"

"टोपली रिकामी आहे. भांडायला आली असतीस तर हात मोकळे ठेवून आली असतीस." धाकटीनं इस्त्री उभी केली. "चल मागं. चपला काढ, ओलं आहे."

मागचं अंगण अक्काच्या अंगणापेक्षा मोठं होतं, ते अक्काला आवडलं नाही. साबणाच्या पाण्याची नाली वेगळी काढून पाखरांसाठी सिमेंटचं टाकं बांधलेलं. टाक्यात नऊ रुमाली. अक्कानं एका नजरेत मोजली. तीन नर, शेपटीवर पिसाची वळलेली कडी असलेले.

धाकटीनं एक पकडून तिच्या हातात दिला. अक्कानं त्याला काखेत दाबून वजन पाहिलं, चोच उघडून आत बघितलं, पंख ताणला, बोटांनी छातीचं हाड चाचपलं. पाय उलटा केला. उजव्या पडद्याला भोक.

"हा रुमाल नाही," ती म्हणाली. "टॉवेल झालाय. बाबांनी असला नर मारून खाल्ला असता."

"बाबा नाहीत. आणि टॉवेल असला तरी ह्याला बदकी कळते. तुझा म्हणे कोंबडीला डोळा मारतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"भावजींनी. गुरुवारी फोन केला होता."

घरी जाऊन कुणाला काय ऐकवायचं, ते अक्कानं मनात टिपून ठेवलं. मग दुसरा नर मागितला. ह्याचं पांढरं बेताचं होतं, मान जाड, डोळा तरतरीत. खोड काढावी असं काही सापडलं नाही, तेव्हा तिनं पिसं फुंकून उवा शोधल्या. त्याही नव्हत्या.

"अंडी चोरलीस, पण पाखरं बरी ठेवलीस," ती म्हणाली.

धाकटी टाक्याच्या काठावर बसली. "अक्का, माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू डबा घेऊन आली होतीस. पत्र्याचा, बिस्किटांचा. आत कोंडा आणि कोंड्यात बारा अंडी."

"खायला दिली होती. अंगात ताकद यायला."

"दोन खाल्ली. मी वाडग्यात फोडली तर बलक अख्खा, गोल, उचलून ठेवावा असा. मी लहानपणापासून हलवलेली अंडी खाल्लीत. हलवलेल्याचा बलक पसरतो, मला काय सांगतेस! उरलेली दहा कानाशी धरून बघितली. एकही खुळखुळलं नाही." तिनं पाण्यात हात घालून एक वाहतं पीस बाहेर काढलं. "मला वाटलं, तोंडानं देते म्हणणं तुला जमायचं नाही. बाबांचा नेम ना. म्हणून तू अशी दिलीस. मी एका वेड्या कोंबडीखाली ठेवली. पिलं निघाली तेव्हा वाटलं, अक्का येईल, बघेल, काहीतरी बोलेल. तू वर्षानं आलीस आणि काय बोललीस ते पाच गिऱ्हाइकांना माहीत आहे."

अक्का नर काखेत धरून उभी होती. ती आठवायला लागली. डबा आठवला, त्यावरचं घोड्याचं चित्र आठवलं. बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसल्याचं आठवलं. दवाखान्याचा हिरवा पडदा आणि आत वाळून काटकी झालेली धाकटी, तेही आठवलं. अंडी हलवल्याचं आठवेना. न हलवल्याचंही आठवेना. एखादं विसरेल माणूस. बाराच्या बारा विसरणं तिच्या हाताला जमणारं नव्हतं. आणि मुद्दाम सोडली असं म्हणावं, तर तसा विचार कधी मनात आल्याचं तिला सापडत नव्हतं.

"घाईत असेन," ती म्हणाली.

"असशील," धाकटी म्हणाली.

बाहेर काउंटरवर कुणीतरी घंटी वाजवली. धाकटी उठली नाही.

"हा दे," अक्का म्हणाली.

"देते. पण एक काम कर माझं." धाकटीनं एक मादी टाक्यातून काढून खाली सोडली आणि तिचे पाय दाखवले. चालताना दोन्ही बाजूंना फाकत होते. "दहा अंड्यांतून सगळं उभं केलं. सख्ख्याला सख्खी देत आले. आता पाय फाकतात, अंडी निम्मी कोरी निघतात. मलाही बाहेरचं रक्त पाहिजे. हा तुझ्याकडं लागला की पहिली बारा अंडी मला."

"खायला?"

"न हलवलेली."

अक्कानं नराला टोपलीत गवतावर बसवलं, झाकण लावलं, दोरी बांधली. गाठ बांधायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

"पाय फाकतात ते ओल्या सिमेंटनंही होतं," ती म्हणाली. "खाली भुसा टाक. आणि तो टॉवेलवाला कापून खा."

"बघू."

"बघू नको. कापून खा."

घरी आल्यावर ड्रायव्हरसाहेबांना गुरुवारच्या फोनबद्दल जे ऐकायला लागलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. नवा नर तिनं आठ दिवस वेगळा ठेवला, शिंकत नाही ना, पातळ हगत नाही ना ते बघितलं आणि मग टबात सोडला. त्यानं पाण्यात एक डुबकी मारली, मान हलवली आणि थोरलीकडं निघाला. पाचेक मिनिटांत जे व्हायचं ते झालं. "घ्या," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "आणि आम्ही इथं पंधरा दिवस जाळी धरून बसलो होतो." जावई जाळीपलीकडं मोजेवालीशेजारी माती उकरत होता. त्यानं मान वर करून बघितलंही नाही. त्याचं काय करायचं ते अक्कानं रविवारी केलं. मोजेवालीच्या पाठीवर महिन्याभरात नवी पिसं आली.

तीन आठवड्यांनी तिनं न्हाणीघराचं दार लावलं, काजावर अंडं टेकवलं. आत मधोमध एक ठिपका आणि त्याच्या भोवती तांबड्या दोऱ्याचा गुंता, टाका चुकल्यावर होतो तसा. दुसरं अंडं धरलं, त्यातही होता. सहांपैकी पाच. ती बाहेर आली, हात धुतले, आणि दारातल्या खुर्चीकडं बघून पाच बोटं दाखवली.

पहिली बारा अंडी धाकटीची, असं ठरलं होतं. पण पहिली सहा अक्कानं चाचणीला म्हणून मोजेवालीखाली घातली होती. पुढची बारा तिनं आठवड्याभरात जमवली, टोकाची बाजू खाली करून थंड कपाटात ठेवली, रोज कूस बदलली. सोमवारी सकाळी बिस्किटांचा डबा काढला. घोड्याचा नव्हता, तो कधीच गंजला. हा साधा निळा. तळाला कोंडा पसरला. पहिलं अंडं उचललं, फिकट हिरवं, अजून थंड.

उचललं, कानाशी नेलं आणि तीनदा खडखडून हलवलं.

"अगं!" खुर्चीतून आवाज आला.

अक्का अंडं हातात धरून तशीच उभी राहिली. एक्केचाळीस वर्षांची सवय, हाताला विचारायची वेळच आली नव्हती. तिनं ते स्टोव्हशेजारी वाटीत ठेवलं.

"हे तुमचं," ती म्हणाली.

"उकडून की तळून?"

"जसं मिळेल तसं."

उरलेली अकरा तिनं एकेक करून दोन्ही हातांनी उचलली, कानापासून लांब ठेवून, जणू वाटेत कुणी धक्का देईल. अकराच भरतात म्हटल्यावर ती परत मागं गेली, थोरलीखाली हात घातला आणि त्या दिवशीचं गरम अंडं काढून बारावं म्हणून डब्यात ठेवलं. थोरलीनं बोटाला चावा घेतला. वरून कोंडा, वरून शर्टांच्या चिंध्या, वरून झाकण. दुपारच्या बसनं ड्रायव्हरसाहेब तो नेणार होते. डबा मांडीवर ठेवायचा, चाकावरच्या सीटवर बसायचं नाही आणि गतिरोधक आला की डबा हातावर उचलायचा, एवढं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तीस वर्षं गाडी चालवली मी. गतिरोधक मला शिकवतेस?"

"म्हणूनच शिकवते. तुमच्या गाडीत बसलेय मी."

नऊ वाजले होते. संध्याकाळपर्यंत अठरा शर्ट द्यायचे होते, प्रत्येकाला सात काजं. अक्का पुढच्या खोलीत गेली, खिडकीखाली बसली, चोच लागलेलं बोट तोंडात घालून चोखलं, आणि सुईत दोरा ओवून पहिल्या शर्टाची पट्टी मांडीवर ओढली.